जुनी सागवानी खुर्ची घेताय?
जुन्या बाजारात खुर्ची आवडली की आधी उलटी करून पाहा. सांधे हलत असतील तर चालेल, फेविकॉल आणि क्लॅम्पनं ते घट्ट होतात. पायात वाळवीची माती दिसली तर मात्र फुकटसुद्धा नको!

जुनं पॉलिश 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं काढा, मग 120, शेवटी 220. घासायचं लाकडाच्या रेषेनंच. आडवे ओरखडे पॉलिश चढल्यावर उठून दिसतात. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख सुती बोळ्यानं पातळ पातळ लावा. पावसाळ्यात नको, दमट हवेत ती पांढुरकी पडते.

सीटचं कापड टॅकरनं आधी चारही बाजूंच्या मध्यावर पक्कं करा, कोपरे शेवटी. रेक्झिन उन्हाळ्यात चिकटतं, माझं मत जाड सुती कापडाला. आणि वेताची विणलेली बैठक असेल तर कृपा करून फोमखाली झाकू नका, विणणारे कारागीर अजून मिळतात.