आमदारकी गेली, दिल्ली मिळाली

कुंभार पिंपळगावच्या पट्ट्यात ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा यावर रोज चर्चा झडते. पण साखरेचा किमान विक्री दर दिल्लीत ठरतो. 2018 मध्ये तो किलोला 29 रुपये होता, फेब्रुवारी 2019 मध्ये 31 झाला. तो वाढवा म्हणून तिथे कोण भांडतं?

सहकारी साखर कारखान्यांचा राष्ट्रीय महासंघ. 2023 मध्ये त्याचे अध्यक्ष झाले इंदापूरचे हर्षवर्धन पाटील. 1995 ला अपक्ष आमदार म्हणून निवडून आले आणि युती सरकारात मंत्री झाले. पुढे आघाडी सरकारात सहकारमंत्री. 2014 ला हरले, 2019 ला भाजपकडून, 2024 ला शरद पवार गटाकडूनही. कुठल्याच टोकाला न जाणारा गडी, म्हणून सगळीकडे दार उघडं! (हे माझं मत.)

सरकारदरबारी असं भांडण्याला अमेरिकेत सरळ लॉबिंग म्हणतात. तिथे 1995 च्या कायद्याने नोंदणी लागते. माजी सिनेटरला दोन वर्षं, प्रतिनिधीगृहाच्या माजी सदस्याला एक वर्ष जुन्या सहकाऱ्यांकडे वशिला लावता येत नाही. आपल्याकडे असा कायदाच नाही. महासंघ निदान उघडपणे निवेदनं तरी देतो.