पीसीआरची पहिली कसोटी सिकलसेलवर लागली. 'पॉझिटिव्ह' म्हणजे काय, हे आपल्या वस्तीत कळले पाहिजे

कोरोनाच्या काळात आरटी-पीसीआर हा शब्द झरी जामणीपासून उमरखेडपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला. त्यामुळे पीसीआर म्हणजे कोरोनाची तपासणी, असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात हे तंत्र जगासमोर आले ते १९८५ च्या डिसेंबरमध्ये. 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतील सीटस कंपनीच्या रँडल सायकी, कॅरी मलिस, हेन्री अर्लिच आणि सहकाऱ्यांचा लेख छापून आला. त्या लेखात या तंत्राने ज्या आजाराचे निदान करून दाखवले, तो आजार विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांना आणि गोंड, कोलाम, परधान बांधवांच्या पोडांना चांगला माहीत आहे. तो म्हणजे सिकलसेल.

ज्या तंत्राने आपल्या आजारापासून सुरुवात केली, ते आज आपल्या किती उपयोगी पडते? यंत्रे आली, शिबिरे होतात, कार्डे वाटली जातात. पण हातातला कागद नेमके काय सांगतो, हे घरच्यांना कोणी समजावत नाही. 'पॉझिटिव्ह निघाली' एवढ्या दोन शब्दांवर मुलींची लग्ने मोडतात. म्हणून शिबिरे घेणाऱ्या प्रत्येक तरुण कार्यकर्त्याला या तपासण्यांमधला फरक कळला पाहिजे.

एका अक्षराचा फरक

रक्तातले हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू वाहून नेते. ते कसे बनवायचे, याची सूचना डीएनएमध्ये चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली असते. सिकलसेलमध्ये या सूचनेतले एकच अक्षर बदलते. त्यामुळे बीटा ग्लोबिन या प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडला की एकमेकांना चिकटते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून हाडे-सांधे ठणकतात, पेशी लवकर फुटून रक्त कमी होते, प्लीहा निकामी होते. मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडले किंवा थंडीत पहाटे कापूस वेचायला गेले की दुखणे उसळते, ते यामुळेच.

हे जनुक आई आणि वडील अशा दोघांकडून एकेक मिळते. एकच बदललेले असेल तर ती व्यक्ती वाहक, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तो 'एएस पॅटर्न'. दोन्ही बदललेली असतील तर रुग्ण, म्हणजे 'एसएस पॅटर्न'. वाहक व्यक्ती साधारणपणे निरोगी आयुष्य जगते.

हा मागच्या जन्माच्या पापाचा भोग नाही आणि कोणत्या जातीच्या रक्तातला दोषही नाही. वाहकांना मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणून ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हे जनुक टिकून राहिले. पुढे जातीतल्या जातीत लग्ने होत गेल्याने ते त्या त्या समाजात फिरत राहिले. कार्यकारणभाव इतका सरळ आहे. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. पुढे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागात अनेक वर्षे काम केले; २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पीसीआरने काय साधले?

एका माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे तीनशे कोटी अक्षरांच्या जोड्या असतात. त्यात बदललेले एक अक्षर शोधणे म्हणजे कापसाच्या गंजीतली सुई शोधणे. १९७८ मध्ये कान आणि डोझी यांनी डीएनएवरून गर्भातल्या सिकलसेलचे निदान करता येते हे दाखवले, पण त्या काळच्या पद्धतीला डीएनए जास्त लागे आणि वेळही. पीसीआरने वेगळा मार्ग काढला. हवा तेवढाच तुकडा निवडायचा आणि त्याच्या प्रती काढायच्या. नळी तापवली की डीएनएचे दोन धागे सुटतात, थंड केली की निवडलेल्या तुकड्याच्या दोन टोकांना खुणेचे छोटे तुकडे चिकटतात, मग एन्झाइम त्यांच्यापासून नवा धागा विणते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट. वीस फेऱ्यांत एकाचे दहा लाखांहून जास्त, तीस फेऱ्यांत शंभर कोटींहून जास्त. त्यामुळे सिकलसेलचे निदान अगदी थोड्या डीएनएवरून एका दिवसाच्या आत होऊ लागले.

सुरुवातीला नळी तापली की एन्झाइम निकामी होई आणि प्रत्येक फेरीला ते हाताने नव्याने टाकावे लागे. मग गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूचे, उष्णता सोसणारे 'टॅक' एन्झाइम वापरात आले. आता नळी एकदा बंद करून यंत्रात ठेवली की काम भागते. १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल कॅरी मलिस यांना मिळाले, पण तंत्र प्रयोगशाळेबाहेर पडले ते या स्वयंचलनामुळे.

स्वयंचलन ही चैन नाही. जे तंत्र एका रेणूचे शंभर कोटी करते, ते शेजारच्या नमुन्यातून उडालेल्या थेंबाचेही शंभर कोटी करते. हात जितके जास्त लागतील, तितकी चूक जास्त. म्हणून नमुन्यावर बारकोड आले, बंद काडतुसे आली. क्षयरोगासाठी वापरले जाणारे जीनएक्सपर्ट म्हणजेच सीबीनॅट यंत्र असेच चालते. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट तर बॅटरीवर चालते आणि तालुक्याच्या दवाखान्यातही ठेवता येते.

तीन तपासण्या, तीन वेगळी उत्तरे

सिकलसेलच्या तपासणीत तीन पायऱ्या असतात. त्यांची गल्लत झाली की घरे उद्ध्वस्त होतात.

पहिली पायरी सोल्युबिलिटी टेस्ट. बोटातून थेंबभर रक्त घेऊन नळीतल्या द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले आणि नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की टेस्ट पॉझिटिव्ह. ही तपासणी स्वस्त आहे, गावात होते. पण ती एवढेच सांगते की रक्तात 'एस' हिमोग्लोबिन आहे. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगू शकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असल्याने ती चुकीने निगेटिव्हही येते. म्हणजे शिबिरातले 'पॉझिटिव्ह' हे निदान नव्हे, पुढच्या तपासणीची चिठ्ठी आहे.

दुसरी पायरी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. एचपीएलसी हे स्वयंचलित यंत्र रक्तातली वेगवेगळी हिमोग्लोबिने वेगळी करते आणि प्रत्येकाचे प्रमाण आलेखावर दाखवते. वाहकात नेहमीचे 'ए' हिमोग्लोबिन जास्त आणि 'एस' त्याहून कमी असते. रुग्णात 'ए' जवळपास नसतेच. एएस की एसएस, हे या पायरीवर ठरते. पण एक खबरदारी घ्यावी लागते. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवले असेल, तर दात्याचे 'ए' हिमोग्लोबिन आलेखात दिसते आणि रुग्ण वाहक वाटू शकतो. म्हणून रक्त कधी चढवले, हे तपासणीआधी सांगितलेच पाहिजे.

तिसरी पायरी डीएनएची, म्हणजे पीसीआर. ती प्रत्येकाला लागत नाही. एचपीएलसीचा आलेख स्पष्ट नसेल, सिकलसेलसोबत थॅलेसेमियाचे जनुक असल्याची शंका असेल, नुकतेच रक्त चढवले असेल किंवा गर्भातल्या बाळाचे निदान करायचे असेल, तेव्हा ती लागते.

लग्न आणि गर्भ

वाहक मुलीने किंवा मुलाने लग्नच करू नये, हे साफ चूक आहे. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्या व्यक्तीशी झाले, आणि त्या व्यक्तीत थॅलेसेमियासारखे दुसरे जनुकही नसले, तर मूल एसएस होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक असते. 'पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली' असा हिशेब इथे चालत नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते.

दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला गरोदरपणाच्या साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन डीएनए तपासता येतो. त्यासाठी दिवस राहिल्याबरोबर नोंद झाली पाहिजे. पाचव्या महिन्यात धावपळ करून उपयोग होत नाही. गर्भलिंग निदानाला बंदी करणारा १९९४ चा कायदा हिमोग्लोबिनच्या आजारांच्या गर्भनिदानाला नोंदणीकृत केंद्रात परवानगी देतो. लिंग सांगायला मात्र नाही. मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत हे काम होत आले आहे. त्याच संस्थेचे हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचे केंद्र चंद्रपुरात आहे आणि वणीकरांना ते यवतमाळपेक्षा जवळ पडते.

निदानानंतर काय करायचे, हा निर्णय त्या बाईचा आणि त्या जोडप्याचा. कार्यकर्त्याचे काम माहिती पोहोचवण्याचे, दबाव आणण्याचे नाही. एसएस मूल म्हणजे संपलेले आयुष्य नव्हे. जन्मतः निदान झाले तर पेनिसिलिन, लसी, फॉलिक आम्ल आणि पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया यांनी अशी मुले शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र मागायला जाल, तेव्हा शिबिरातली नळी नव्हे, पक्का अहवाल हवा.

रक्ताच्या पिशवीतला प्रश्न

सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या अनेक रुग्णांना रक्त चढवावे लागते. आपल्याकडे १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला रक्तदान शिबिरे होतात. त्या पिशवीची तपासणी कशी होते, हेही आपण विचारले पाहिजे.

कायद्याने प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासावी लागते. पण एलायझासारख्या तपासण्या मुख्यतः विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे किंवा विषाणूचे प्रथिन शोधतात. ती दिसण्याइतकी वाढायला वेळ लागतो. त्या मधल्या काळात दाता स्वतःला निरोगी समजतो, तपासणी निगेटिव्ह येते आणि पिशवी पुढे जाते. नॅट, म्हणजे न्यूक्लिक अ‍ॅसिड टेस्ट, थेट विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधते. त्यामुळे एचआयव्हीसाठी प्रतिपिंडांच्या तपासणीचा सुमारे तीन आठवड्यांचा मधला काळ दहा-अकरा दिवसांवर किंवा त्याहूनही खाली येतो, तर हिपॅटायटिस सी साठी दोन महिन्यांहून जास्त असलेला काळ काही दिवसांवर येतो. अशी स्वयंचलित रक्ततपासणी उभी करणाऱ्या जेन-प्रोब कंपनीला अमेरिकेचे २००४ चे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले.

आपल्या देशात आठ रक्तपेढ्यांतील १२,२२४ नमुन्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तपासणीत सुटलेले ८ नमुने नॅटने पकडले, म्हणजे सुमारे दीड हजारात एक. तरीही नॅट देशभर सक्तीची नाही. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याची आणि त्यातले एक मूल दगावल्याची बातमी आली. वारंवार रक्त घेणाऱ्या मुलाच्या आयुष्यात दीड हजारात एक हा आकडा लहान राहत नाही. नॅटनेही धोका शून्यावर येत नाही, पण खूप कमी होतो.

आपण काय करायचे?

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. त्याचा भर आदिवासी भागावर आहे आणि तो योग्यच आहे. पण विदर्भात हा आजार बौद्ध समाजात आणि इतर समाजांतही आहे. आपली वस्ती यादीतून सुटू नये, यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात लेखी मागणी करा.

शिबिर घेण्याआधी विचारा : सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आलेल्यांची एचपीएलसी कुठे होणार आणि अहवाल किती दिवसांत मिळणार? याचे उत्तर नसेल, तर फक्त नळीचे शिबिर घेऊ नका. नावे माईकवर वाचू नका, यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. अहवाल ज्याचा त्याच्या हातात, समजावून द्या. तपासणी मुलींचीच नाही, मुलांचीही करा. विहारात वधू-वर मेळावा असेल, तर स्वेच्छेने तपासणी आणि समुपदेशनाची सोय ठेवा. रक्तदान शिबिराआधी रक्तपेढीला विचारा : नॅट होते का? होत नसेल, तर ती मागणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि आमदारांकडे नेता येते.

आणि घरी जुना अहवाल असेल, तर आजच काढून बघा. त्यावर फक्त 'सिकलिंग पॉझिटिव्ह' लिहिले असेल, तर तपासणी अर्धीच झाली आहे. ती पूर्ण करून घ्या.