कॅमेरा नाही, जोड बघा

महाड-पोलादपूरच्या पावसात बाहेरचा कॅमेरा मधूनमधून बंद पडू लागला, की दोष बहुधा जोडात असतो. आरजे-४५ कनेक्टर काढून बघा. पिना हिरवट दिसल्या तर पाणी शिरलंय. पुसत बसू नका. वायर कोरडी लागेपर्यंत कापा, नवा कनेक्टर लावा. नुसती टेप गुंडाळली तर ओल आतच कोंडते, म्हणून जोड ग्लँड असलेल्या जलरोधक बॉक्समध्येच हवा. वायर बॉक्समध्ये खालून घ्या, आधी तिला झोळ द्या. थेंब तिथूनच गळतात. तांब्याचा नुसता मुलामा असलेली स्वस्त केबल टाळा. नेटवर्क स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंतची केबल १०० मीटरच्या आत हवी. जुलै २०२१च्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली होती. म्हणून स्विच, रेकॉर्डर वरच्या मजल्यावरच ठेवा.