डिस्चार्ज लिहिला, म्हणून रुग्ण बरा झाला असं नव्हे

‘डॉक्टरांनी राउंडला डिस्चार्ज लिहिलाय ना, मग जाताना पुन्हा बीपी कशाला?’ हे वाक्य वॉर्डात नातेवाइकांकडून ऐकू येतं आणि कामाने पिचलेल्या कर्मचाऱ्यांकडूनही. एखाद्या सिस्टरच्या हातून शेवटची तपासणी राहून गेली आणि ती अस्वस्थ झाली, की तिची समजूतही अशीच काढली जाते: ‘पेशंट चालत गेला की!’ हेतू चांगला असला तरी ही समजूत चुकीची आहे. राउंड सकाळी होतो. पुढे बिल, औषधांचा हिशेब आणि मेडिक्लेमची मंजुरी यांत अनेकदा संध्याकाळ होते. निर्णय सकाळच्या आकड्यांवर झालेला असतो आणि रुग्ण घरी जातो तो संध्याकाळच्या अवस्थेत. मधल्या काळात सलाइन थांबलेलं असतं, ऑक्सिजन काढलेला असतो, तापाच्या गोळीचा असर ओसरलेला असतो. या आधारांशिवाय शरीर कसं चालतंय, हे नेमकं याच तासांत कळतं आणि तेव्हाच आपण मोजायचं सोडून देतो.

याला पुरावा काय, असं कुणी विचारेल. अमेरिकेत उत्तर टेक्सासमधल्या सहा रुग्णालयांतील ३२,८३५ रुग्णांचा अभ्यास २०१७मध्ये ‘जर्नल ऑफ जनरल इंटर्नल मेडिसिन’मध्ये छापून आला. ताप, नाडी, श्वास, बीपी आणि ऑक्सिजन यांपैकी किमान एक आकडा घरी जाण्याआधीच्या २४ तासांत बिघडलेला असणारे रुग्ण सुमारे १९ टक्के होते. सगळे आकडे ठीक असलेल्यांपैकी १२.८ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले किंवा पुन्हा भरती झाले. एक आकडा बिघडलेला असेल तर हे प्रमाण १६.९ टक्के होतं, दोन असतील तर २१.२ आणि तीन किंवा अधिक असतील तर २६ टक्के. घरी सोडलेल्या रुग्णांचेच हे आकडे आहेत; त्या प्रत्येकाचा डिस्चार्ज कुणीतरी लिहिलेलाच होता.

अभ्यास परदेशातला आहे आणि त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. बिघडलेला आकडा हे धोक्याचं कारण असेलच असं नाही, पण तो धोक्याची खूण नक्की आहे, आणि खूण पाहायला दोन-चार मिनिटं पुरतात. याच आकडेवारीत काळजीत पडलेल्या सिस्टरसाठी दिलासाही आहे: एक आकडा बिघडूनही ८३ टक्क्यांहून अधिक रुग्णांना त्या महिन्यात यातलं काहीच झालं नाही. तपासणी राहिली म्हणजे रुग्णाला इजा झालीच, असा निष्कर्ष त्यामुळे निघत नाही. मात्र त्यावरून गप्प बसणंही योग्य ठरत नाही. इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टरांना लगेच सांगावं, रुग्णाच्या घरी फोन करून धाप, चक्कर, ताप आहे का विचारावं, गरज वाटली तर परत बोलवावं, आणि केसपेपरवर खरी वेळ घालून ‘नोंद राहिली, नंतर अमुक केलं’ असं लिहावं. ‘सकाळचंच बीपी उतरवून टाक’ हा सल्ला कुणीही देऊ नये, कुणीही ऐकू नये. रिकामी जागा पाहून पुढचा डॉक्टर निदान विचारेल. खोट्या आकड्यावर तो विसंबून राहील.

काही छोटे गैरसमज. ‘ऑक्सिजन ९८ आहे, श्वास मोजायला नको’: बोटावरचं यंत्र श्वास मोजत नाही, आणि ऑक्सिजन उतरण्याआधीच श्वासाची गती वाढलेली असू शकते. ‘नॉर्मल डिलिव्हरी झाली, आता बीपीची चिंता नाही’: बाळंतिणीचं बीपी बऱ्याचदा तिसऱ्या ते सहाव्या दिवसात चढतं आणि झटके प्रसूतीनंतरही येऊ शकतात. ‘एक आकडा चुकला की डिस्चार्ज रद्द’: तसंही नाही, सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) काही रुग्णांत ८८ ते ९२ टक्के ऑक्सिजन हेच उद्दिष्ट असतं. पुन्हा मोजायचं, डॉक्टरांना कळवायचं, निर्णय त्यांनी घ्यायचा.

एका सिस्टरकडे डझनावारी रुग्ण आणि एकाच वेळी चार डिस्चार्ज असतील, तर नोंद राहणारच. तिला धारेवर धरून पुढच्या रुग्णाचं बीपी मोजलं जाणार नाही. निघण्याआधीच्या तासाभरातले आकडे लिहिल्याशिवाय डिस्चार्ज कार्ड हाती द्यायचं नाही, असा नियम रुग्णालयाने करावा आणि तो पाळता येईल इतकी माणसं त्या पाळीला द्यावीत.