कोड, बावची आणि सूर्यप्रकाश

मराठीतील ‘कोड’ या शब्दाचे नाते संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दाशी आहे. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ ही अनेक त्वग्विकारांना व्यापणारी संज्ञा होती. पुढे ती प्रामुख्याने महारोगाशी जोडली गेली. महारोग्याच्याही वाट्याला यायला नको होती अशी अवहेलना त्यामुळे अंगावर केवळ पांढरे डाग असलेल्यांच्या वाट्याला आली. वस्तुतः सुश्रुतसंहितेने ‘किलास’ हा त्वचेपुरता मर्यादित व स्रावरहित विकार म्हणून कुष्ठापासून वेगळा केला होता. आधुनिक वैद्यकानुसारही कोड संसर्गजन्य नाही. त्यात रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींवर शरीराची रोगप्रतिकारयंत्रणाच आघात करते.

कोडावरील वनस्पतिज लेपांमध्ये बावचीचे स्थान महत्त्वाचे आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात डागांना पूर्ववत रंग देण्यासाठी एका श्यामवर्णी वनस्पतीची प्रार्थना आढळते. ती वनस्पती बावचीच होती, असे मात्र निश्चयाने म्हणता येत नाही. अष्टांगहृदयात बावचीच्या बिया व हरताळ गोमूत्रात वाटून केलेला लेप सांगितला आहे, तर चरकसंहितेत श्वित्राच्या चिकित्सेत रुग्णाने ऊन घ्यावे असा निर्देश आहे.

औषधाच्या जोडीला ऊन का, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. 1933 मध्ये भारतीय संशोधकांनी बावचीच्या बियांतून सोरॅलेन हे द्रव्य वेगळे केले. 320 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण पडले की ते पेशींतील डीएनएशी बांधले जाते. या उपचारातून रंगद्रव्यपेशींना चालना मिळून डाग हळूहळू भरू लागतात. इजिप्तमध्येही ‘अम्मी माजुस’ या वनस्पतीचा असाच पारंपरिक उपयोग होता. 1940 च्या दशकात तेथे तिच्यातील सोरॅलेनवर्गीय द्रव्यांचे प्रयोग झाले. 1974 मध्ये हीच पद्धत सोरायसिससाठीही पुढे आली.

तथापि जी क्रिया गुणकारी, तीच अपायकारकही ठरू शकते. बावचीचे तेल लावून मनास येईल तितका वेळ उन्हात बसल्यास त्वचा भाजते, फोड येतात. सोरॅलेन व अतिनील किरणांच्या दीर्घ उपचाराने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हरताळ तर आर्सेनिकयुक्त आहे. म्हणूनच ग्रंथातील पाठ घरी जसाच्या तसा करणे योग्य नव्हे. आज अनेक रुग्णांसाठी सोरॅलेनविना दिले जाणारे 311 नॅनोमीटरच्या आसपासचे किरण अधिक पसंत केले जातात.

प्राचीन ग्रंथांचे मोल त्यांतील सूक्ष्म निरीक्षणात आहे. त्यांनी लेपाइतकेच उन्हाकडे लक्ष दिले आणि किलासाला कुष्ठापासून वेगळे ओळखले. यांपैकी पहिल्या निरीक्षणाची दखल प्रयोगशाळेने घेतली. दुसऱ्याची दखल समाजाने अद्याप पुरेशी घेतलेली नाही.