कुलूप शाबूत, घर मोकळं

‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी ऐवज लंपास केला.’ वर्तमानपत्राच्या शहर पानावरच्या या वाक्यात वर्षानुवर्षं फक्त पत्ता आणि तोळे बदलतात. वाक्य जरा सावकाश वाचलं, तर तो एक नेमका तांत्रिक अहवाल आहे. उचकटला तो कोयंडा. कुलपाचा उल्लेखच नाही. पुष्कळदा ते कोयंड्यासकट जिन्यात पडलेलं सापडतं. मालकाने लावलं होतं तसंच, बंद.

कुलूप घेताना आपण दुकानदाराला विचारतो, “किती लिव्हरचं?” प्रश्न योग्यच आहे. सात लिव्हरच्या कुलपात धातूच्या सात पातळ पट्ट्या एकीवर एक रचलेल्या असतात. किल्लीचा एकेक दात आपापली पट्टी ठरलेल्या उंचीपर्यंत उचलतो आणि सातही पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत आल्या, तरच कुलूप उघडतं. एखादी पट्टी जराशी वर-खाली राहिली, तरी ते ढिम्म हलत नाही. आता इतकं नाजूक आणि चोख यंत्र आपण अडकवतो कशात? तर सुताराने एकेक इंचाच्या चार स्क्रूंनी चौकटीवर बसवलेल्या पत्र्याच्या कोयंड्यात. त्यातही चौकटीत दोन-चार पावसाळ्यांचं पाणी मुरलेलं असेल, तर स्क्रूंनी धरलेलं लाकूड आधीच भुसभुशीत झालेलं असतं.

कटावणीचं गणित शाळेत शिकलेल्या तरफेचंच. दोन फुटी कटावणीचं टोक कोयंड्याखाली सारलं आणि टेकू टोकापासून एका इंचावर मिळाला, तर हाताच्या बाजूला २३ इंच उरतात. म्हणजे हाताने २० किलो वजनाइतका जोर लावला, तर टोकाशी तो साधारण ४६० किलोंइतका होतो. यापुढे इंचभर स्क्रू टिकायचे नाहीत, मग कुलूप सात लिव्हरचं असो की सतराचं. कोयंडा आरपार बोल्टने बसवला, नट घराच्या आतल्या बाजूला ठेवला आणि त्यामागे लोखंडी पट्टी दिली, तर हाच जोर संपूर्ण फळीवर वाटला जातो. खर्च कुलपाच्या निम्म्याइतकाही नसतो. सेफ्टी डोअरची गंमत तर आणखी वेगळी. ते बाहेर उघडतं, त्यामुळे त्याच्या बिजागऱ्या जिन्याच्या बाजूला येतात. बिजागरीची पिन ठोकून काढता येत असेल, तर कुलपाच्या बाजूला हात लावायचीसुद्धा गरज उरत नाही. ती पिन वेल्ड करून घ्यायला हवी, हे दार बसवणारा क्वचितच सांगतो.

माणसाची सगळी हुशारी मात्र कुलपाकडेच वळलेली आहे. लंडनच्या जोसेफ ब्रामाने अठराव्या शतकाच्या अखेरीस आपलं कुलूप किल्लीशिवाय उघडणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस लावलं होतं. ते १८५१ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने जिंकलं. त्याला लागले ५१ तास, तेही १६ दिवसांत विभागून. इतका निवांतपणा कुठल्या चोराला मिळतो? त्याला ताळेबंद जुळवायचा असतो तो मिनिटांचा.

नेदरलँड्सने नेमकी हीच मिनिटं मोजली. १ जानेवारी १९९९ पासून तिथे नव्या घरांची दारं-खिडक्या फोडायला कठीण असणं बांधकाम नियमांनीच सक्तीचं केलं. बेन व्होलार्ड आणि यान फान ऊर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये त्याचा हिशेब मांडला. नियमानंतर बांधलेल्या घरांमधल्या घरफोड्या २६ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. चोर मग शेजारच्या जुन्या घरांकडे वळले असतील, अशी शंका येतेच; तसंही आढळलं नाही.

पण मिनिटं कुणाच्या भीतीने मोजायची? कुणीतरी येईल याच्या. इथे लोखंड संपतं आणि माणसं सुरू होतात. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांना १९७९ मध्ये एक कोडं पडलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर देशात सुबत्ता आली, तरी चोऱ्या वाढल्या कशा? त्यांचं उत्तर असं, की चोरी व्हायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: इच्छुक चोर, सोयीचा माल आणि राखणदाराची गैरहजेरी. नवरा-बायको दोघंही कमावायला बाहेर पडू लागली, तशी घरं दिवसा ओस पडली. मालही सोयीचा झाला. सीअर्स कंपनीच्या कॅटलॉगमधला सर्वांत हलका टीव्ही १९६० मध्ये ३८ पौंडांचा होता, तो १९७० मध्ये १५ पौंडांवर आला! आपल्याकडे चोराला टीव्ही उचलायची गरजच नाही. दहा ग्रॅम सोनं लाखाच्या पुढे गेलेलं, आणि ते बहुधा बेडरूममधल्या कपाटात असतं हे त्यालाही ठाऊक. (शनिशिंगणापूरचा दाखला इथे कुणी देऊ नये. तिथला राखणदार रजेवर जात नाही.)

‘आमचा एरिया सेफ आहे’ असं म्हणणाऱ्या सोसायट्यांमध्ये सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळात हा राखणदारच नसतो. वर बाहेरून लटकणारं कुलूप येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहतं की आत कोणी नाही. दाराच्या आत बसवलेलं लॉक निदान तेवढी चहाडी करत नाही. दाराशी पडून राहिलेली दुधाची पिशवी आणि तीन दिवसांचे पेपर करतात.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते संशोधन साथरोगशास्त्रातून आलेलं आहे. १९६४ मध्ये जॉर्ज नॉक्स यांनी मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण जागा आणि वेळ या दोन्ही बाबतींत एकमेकांच्या जवळ सापडतात का, हे तपासण्याची पद्धत काढली. चाळीसेक वर्षांनी शेन जॉन्सन आणि केट बॉवर्स यांनी हीच पद्धत इंग्लंडच्या मर्सीसाइडमधल्या घरफोड्यांना लावली. एक घर फुटलं की सुमारे ४०० मीटरच्या परिसरातल्या घरांचा धोका पुढचे एक-दोन महिने वाढलेला राहतो, असं त्यांना दिसलं. रस्त्याच्या त्याच बाजूच्या घरांना तो समोरच्यांपेक्षा जास्त. गरीब वस्त्यांमध्ये तेच घर पुन्हा फुटण्याचं प्रमाण अधिक होतं. शेजारीपाजारी ‘लागण’ होण्याचा प्रकार सुखवस्तू भागांत जास्त. २०११ मध्ये जॉर्ज मोहलर आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या घरफोड्यांना भूकंपानंतरच्या धक्क्यांचं गणित लावून पाहिलं, आणि ते जुळलं.

कारण सरळ आहे. पहिल्या घराच्या वेळी चोराची रेकी फुकटात झालेली असते. आपल्या इमारतींमध्ये तर बिल्डर एक, दारं एकाच मापाची, मजल्यावरचे सगळे कोयंडे एकाच सुताराने बसवलेले. एक उघडता आला की बाकीचे पाठ झाले.

मग पहिल्या चोरीनंतरचे आठवडे हातचे जाऊ न देता काय करता येतं, हे इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कर्कहोल्ट वस्तीने १९८० च्या दशकात दाखवलं. घर फुटलं की लगेच त्याच्या दारा-खिडक्यांची दुरुस्ती व्हायची आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांना त्यावर लक्ष ठेवायला सांगितलं जायचं. सबंध वस्तीला नव्हे, तेवढ्याच घरांना. शिवाय तिथल्या घरांत नाणी टाकून चालणारे मीटर होते, म्हणजे भिंतीवर टांगलेला पैशांचा डबाच. तेही बदलण्यात आले. पहिल्या वर्षात घरफोड्या ५८ टक्क्यांनी घटल्या.

आपल्याकडचा तो डबा म्हणजे कपाटातलं सोनं. लग्नसराईत लॉकरमधून काढलेले दागिने परत नेऊन ठेवायला सवड मिळेपर्यंत घरातच पडून राहतात, आणि त्याच दिवसांत मुलांना सुट्टी लागते म्हणून घर बंद करून सगळे गावाला जातात.