करवंदीचा वामनवृक्ष

जपानी लोक ज्यास ‘बोन्साय’ म्हणतात, तो उथळ कुंडीत वाढविलेला वामनवृक्ष शहरांतील रोपवाटिकांतून चांगल्या किमतीस विकला जातो. काटेरी व फळांनी लगडणारी झाडे यासाठी विशेष पसंत केली जातात. कुमाऊँच्या डोंगरांतील घिंगारू, म्हणजेच पायराकँथा, हे त्यांपैकी एक होय. परंतु ते थंड हवेचे झाड आहे. आपला उन्हाळा सोसणारी व तितकीच काटेरी करवंद सह्याद्रीच्या उतारांवर असताना बाहेरून रोपे मागविण्याचे कारण दिसत नाही.

मात्र यात एक धोका आहे. जुनाट, वाकडे खोड पाहून डोंगरावरील जाळी खणून आणण्याचा मोह पुष्कळांना होतो. अशी जाळी मुरमात खोलवर रुजलेली असते. खणताना मुळे तुटतात आणि बहुधा ती मरते. शिवाय वनजमिनीतून परवानगीवाचून झाड उपटणे हा गुन्हा आहे. मे महिन्यात पानांच्या द्रोणांतून ‘डोंगरची मैना’ विकणाऱ्या कुटुंबांचे तर त्यात उत्पन्नच जाते. कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रथम समजावून सांगावी व नंतर कुंडीचा विषय काढावा.

ज्यांच्या शेतास करवंदीचे कुंपण आहे त्यांनी त्यावरच गुटी बांधावी. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची सुमारे अडीच सेंटिमीटर साल गोलाकार काढावी, चीक पुसून घ्यावा, ओले शेवाळ लावून वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधावा. दोन-तीन महिन्यांत मुळे दिसू लागतात. बियांपासूनही रोपे होतात. परंतु पिकल्या फळातील बी धुऊन लगेच पेरावे, कारण ते फार काळ टिकत नाही. बांध मोडताना निघणारी खोडे मात्र वाया घालवू नयेत. ती पहिल्या पावसात, मातीचा गोळा राखून उचलावी, हातभर ठेवून छाटावी व सावलीत जगवावी.

कुंडीस तळाशी मोठी छिद्रे असावीत. पोयटा, जाड वाळू व कुजलेले खत समभाग घ्यावे. करवंद मूळची मुरमाड जमिनीतील असल्याने जास्त खत दिल्यास केवळ लांब फोक फुटतात.

करवंदीची पाने समोरासमोर असतात, त्यामुळे एक फांदी छाटली की सामान्यतः दोन फुटवे येतात. दोन्ही ठेवल्यास झाडाचा खराटा होतो. एक ठेवावा, एक खुडावा. तारेने वळण द्यायचे ते कोवळ्या फांदीसच, कारण जून लाकूड मोडते. तार सालीत रुतण्यापूर्वी काढावी.

आता छाटणीची वेळ. याच बाबतीत सर्वाधिक चुका होतात. करवंदीस फुले फांद्यांच्या टोकांवर येतात. हिवाळ्यात झाड नीटनेटके करण्यासाठी कात्री चालविली की बहर कात्रीबरोबरच जातो, आणि मालक मात्र मातीस दोष देत बसतो. मुख्य छाटणी फळे संपताच जूनमध्ये करावी. दर दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलणे व एक तृतीयांशापर्यंत मुळे कापणे हेही त्याच सुमारास उरकावे. ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडावेत. त्यानंतर कात्री लावू नये. झाड काहीसे विस्कटलेले दिसते, दिसू द्यावे.

उन्हाळ्यात उथळ कुंडी लवकर सुकते, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी पाहावे. संततधारेत कुंडी किंचित कलती ठेवावी. पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या ब्रशाने काढून टाकावा.

हे उन्हाचे झाड आहे. फळे धरल्यावर पाहुण्यांना दाखविण्यासाठी कुंडी घरात आणावी, पण दोन दिवसांनी पुन्हा अंगणात न्यावी.